कांद्याचा डे, दिव्याचा डे, आईचा डे : घरातले लहान सण गंमतीने कसे साजरे करावेत?



पुण्याला असणारा आमचा सहा वर्षांचा नातू एकदा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आजोबा, आज आमच्या शाळेत मँगो डे होता. तुमच्याकडे आज कोणता डे आहे?" आम्ही दोघांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले. त्या दिवसाच्या चौकोनात बारीक अक्षरात छापले होते, 'कांदेनवमी'. त्याची आजी म्हणाली, "आमच्याकडे आज कांद्याचा डे आहे." नातू खूप हसला. मग त्याने विचारले, "त्या दिवशी काय करतात?" आता उत्तर द्यायचे आणि फोटोही पाठवायचा, म्हणून त्या संध्याकाळी कित्येक वर्षांनी घरात कांदेनवमीची खेकडा भजी तळली गेली.

तेव्हा आमच्या लक्षात आले की शाळा ज्याला 'डे' म्हणतात तसे दिवस आपल्या दिनदर्शिकेत महिन्याला दोन-तीन तरी आहेत. दिव्यांचा दिवस आहे, वांग्याचा आहे, आवळ्याचा आहे, आईचा आहे, थोरल्या मुलाचा आहे, जावयाचा आहे. गणपती, नवरात्र, दिवाळी यांची आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्या आणि रंगपंचमीची गेर तर इंदुरात राहून चुकणे शक्यच नाही. मागे पडतात ते हे लहान दिवस. नोकरीत असताना आमचेही तसेच होते. बँकेत मार्चअखेरच्या गडबडीत गुढीपाडवासुद्धा कधी आला ते कळत नसे, मग कांदेनवमी कोण लक्षात ठेवणार?

गेली काही वर्षे आम्ही घरात आणि शेजारच्या सात-आठ मराठी घरांत मिळून हे दिवस पुन्हा सुरू केले आहेत. त्यातून जे जमले, जे फसले आणि जे उपयोगी पडले ते येथे मांडत आहोत.

या दिवसांची घडण

थोडे लक्ष देऊन पाहिले तर अशा प्रत्येक दिवसात तीन गोष्टी सापडतात. पहिली, त्या दिवसाचे मानकरी कोणीतरी असते: आई, थोरले मूल, भाऊ, जावई, गाय, बैल किंवा घरातला दिवासुद्धा. दुसरी, त्या दिवसाचा एक ठरलेला पदार्थ असतो आणि तो बहुधा त्या ऋतूत बाजारात मुबलक मिळणाऱ्या वस्तूचा असतो. तिसरी, काहीतरी एक वेगळा नियम किंवा खेळ असतो: आज चिरायचे नाही, आज चूल पेटवायची नाही, आज झाडाखाली जेवायचे, आज आईने प्रश्न विचारायचा आणि मुलांनी उत्तर द्यायचे.

एक माणूस, एक पदार्थ आणि एक गंमत एवढे सांभाळले की दिवस साजरा झाला असे आम्ही मानतो. सोवळे, उपास, साग्रसंगीत पूजा ज्यांच्या घरी आहे त्यांनी ती जरूर करावी. पण ते जमत नाही म्हणून संपूर्ण दिवसच सोडून देऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आणखी एक. इंदुरातली मराठी घरे एका मुशीतली नाहीत. होळकरांच्या काळात आलेली घराणी आहेत, पुढे नोकरी-शिक्षणासाठी आलेली कुटुंबे आहेत. कुणाचे मूळ कोकणात, कुणाचे देशावर, कुणाचे खानदेशात तर कुणाचे वऱ्हाडात. त्यामुळे एकाच दिवसाच्या रीती घराघरांत वेगळ्या असतात. "आमच्याकडे असे नसते" हे वाक्य भांडणासाठी न वापरता पाककृती मागण्यासाठी वापरले तर फार फायदा होतो.

आधी तारखेचा घोळ

इंदुरात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन पंचांगांत जगावे लागते. आपला महिना अमावास्येला संपतो, त्याला अमान्त पद्धत म्हणतात. मध्य प्रदेशातल्या हिंदी भाषक शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, ती पूर्णिमान्त पद्धत. शुक्ल पक्षात दोघांच्या महिन्याचे नाव सारखेच असते. वद्य पक्षात मात्र त्यांचे नाव एक महिना पुढे असते. म्हणून आपली वसुबारस आश्विन वद्य द्वादशीला येते आणि तोच दिवस त्यांच्या पंचांगात कार्तिक कृष्ण द्वादशी असतो. शेजाऱ्यांचा श्रावण आपल्याहून सुमारे पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि राखी पौर्णिमेला संपतो. आपला श्रावण पिठोरी अमावास्येपर्यंत चालतो.

यामुळे गोंधळ होतो, तसा फायदाही होतो. आपली दिव्यांची अमावास्या म्हणजेच त्यांची हरियाली अमावस्या. आपली कोजागिरी म्हणजे त्यांची शरद पूर्णिमा. कार्तिक शुद्ध नवमीला त्यांच्याकडे आंवला नवमी असते आणि आपले आवळीभोजनही त्याच दिवशी करता येते. म्हणजे निदान तीन दिवस तरी शेजाऱ्यांबरोबर एकत्र साजरे करता येतात. मुलांच्या मित्रांना बोलावण्यासाठी हे तीन दिवस सर्वांत सोयीचे.

व्यवहारातला उपाय असा की घरात मराठी दिनदर्शिका असावीच. 'कालनिर्णय' १९७३ पासून निघते आहे आणि इंदुरातही मिळते. वर्ष सुरू होताच तिच्यात बसून आपल्या घरचे आठ-दहा दिवस लाल पेनाने रंगवावेत आणि मुला-सुनांच्या मोबाइलमध्ये त्या तारखा त्याच दिवशी घालून द्याव्यात. हे काम आम्ही जानेवारीच्या पहिल्या रविवारी करतो.

चैत्र ते आषाढ : पन्ह्यापासून कांद्यापर्यंत

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीचे हळदीकुंकू कधीही करता येते. म्हणजे जवळजवळ एक महिन्याची सवड असते आणि रविवार सहज सापडतो. पदार्थ ठरलेले आहेत: कैरीची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे. इंदूरच्या एप्रिलमधल्या उन्हात पन्ह्याहून चांगले काही नाही. चार तास भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटावी, त्यात किसलेली कैरी, हिरवी मिरची, मीठ, थोडी साखर घालावी आणि वर हिंग-मोहरीची फोडणी द्यावी. यात गॅस फक्त फोडणीपुरता लागतो. गौरीपुढची आरास मुलांवर सोपवावी. आमच्याकडे एका वर्षी मुलांनी गौरीसमोर कलिंगडाची बोट करून त्यात प्लास्टिकचा डायनासोर बसवला होता. कोणी हलवला नाही.

या हळदीकुंकवाबाबत एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या नात्यातल्या एक काकू काकांच्या मागे अशा दिवशी आतल्या खोलीत बसून राहत. बायका येत, जात, आणि कुणीतरी पन्ह्याचा पेला आत नेऊन देई. वर्षानुवर्षे हे आम्हाला खटकले नाही, याची आता लाज वाटते. हल्ली आम्ही बोलावणे 'पन्ह्याला या' असे करतो, आणि ते सर्वांना असते. हळद, कुंकू, फूल जिला जे हवे ते तिने घ्यावे. पुरुषांनाही डाळ मिळते. काकू आता दारातच बसतात आणि कोण आले नाही याची चौकशी करतात.

आषाढ शुद्ध नवमी म्हणजे कांदेनवमी. दोनच दिवसांनी देवशयनी एकादशी येते आणि चातुर्मास सुरू होतो. चातुर्मासात अनेक घरांत कांदा, लसूण आणि वांगी वर्ज्य असतात. तेव्हा त्याआधी कांदा पोटभर खाऊन घ्यायचा, असा हा सरळ हिशेब. चातुर्मास पाळत नसाल तरी पावसाळ्याच्या तोंडावर हा दिवस छान जमतो. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक घराने कांद्याचा एक पदार्थ आणायचा अशी रीत पडली आहे: भजी, कांद्याचे थालीपीठ, भरल्या कांद्याची भाजी, कांद्याची चटणी. एकदा तर कांद्याची खीर आली होती. मुलांसाठी खेळ म्हणजे न रडता कांदा सोलण्याची शर्यत. सोलण्याची, चिरण्याची नव्हे, म्हणजे सुरी हातात द्यावी लागत नाही.

श्रावणाच्या आगेमागे : दिवे, दिंड आणि आईचा प्रश्न

आषाढ अमावास्येला घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडायचे. समई, निरांजन, पणती, कंदील, जे असेल ते. मुलांना माळ्यावरून जुने दिवे शोधायला लावावे, त्यात अर्धा दिवस मजेत जातो. प्रत्येक दिवा कोणाचा, कुठून आला हे मोठ्यांनी सांगायचे. आमच्याकडे पणजीचा पितळी लामणदिवा आहे, तो नेमका कोणत्या गावाहून आला यावर दरवर्षी वाद होतो. आता वीज गेली तर लागणारी बॅटरीही आम्ही पाटावर ठेवतो.

या दिवशी कणकेचे गोड दिवे करतात. सहा माणसांना दोन वाट्या कणीक, एक वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी पाणी, दोन चमचे तुपाचे मोहन आणि वेलची पुरते. गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, त्यात कणीक घट्ट भिजवावी, दिव्यांचे आकार करून चाळणीत पंधरा-वीस मिनिटे वाफवावेत. खाताना वर साजूक तूप. आकार देण्याचे काम पाच वर्षांचे मूलही करू शकते. दिवा वाकडा झाला तरी चव तीच लागते.

नागपंचमीला चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही असा बहुतेक घरांत नियम असतो. म्हणून पुरणाचे दिंड उकडतात. श्रावणातल्या शिळासप्तमीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचे थंड जेवायचे. मालव्यात शेजारी शीतला सप्तमी होळीनंतर करतात, आपण श्रावणात, पण थंड खाण्याची रीत दोघांचीही आहे. या दोन्ही दिवसांकडे आम्ही आता वेगळ्या नजरेने पाहतो. ज्या काळी घरातल्या बाईला रविवारची सुट्टी नव्हती, त्या काळी विळी, तवा आणि चूल यांनाच सुट्टी दिली की बाईला थोडी विश्रांती मिळत असे. शिळासप्तमीला आम्ही आदल्या रात्री दशम्या, दहीभात, कोशिंबीर आणि लोणचे अशी तयारी ठेवतो. श्रावणातली हवा दमट असते, तेव्हा दहीभात रात्री फ्रिजमध्येच ठेवावा. देवी रागावणार नाही.

श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा असते. त्या दिवशी आई मुलांना औक्षण करते. मुले परगावी असतील तर आई चारी दिशांना अक्षता टाकून औक्षण करते. ही रीत लहानपणापासून पाहिली होती, पण तिचा अर्थ दोन्ही मुले इंदूर सोडून गेल्यावर समजला. आपल्या समाजातल्या किती घरांत आज हीच स्थिती आहे! एक दिशा पुण्याची, एक बंगळुरूची, एक अमेरिकेची. ज्यांनी ही रीत घातली त्यांची मुलेही स्वारीवर, चाकरीवर, शिक्षणासाठी दूरच होती.

श्रावणाच्या शेवटी पिठोरी अमावास्या. हा आपला मातृदिन. इंग्रजी मदर्स डे मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी येतो. अमेरिकेत १९१४ मध्ये तो अधिकृत झाला आणि ज्या अ‍ॅना जार्व्हिस यांनी तो सुरू करण्यासाठी खटपट केली त्याच पुढे त्याच्या बाजारीकरणाविरुद्ध लढल्या. मुलांनी मे महिन्यात कार्ड दिले तर ते आनंदाने घ्यावे. पण पिठोरीला जी गंमत आहे ती कार्डात नाही. आई खीर-पुरीचे वाण डोक्यावर घेते आणि मागे न पाहता विचारते, "अतीत कोण?" मागे उभे असलेले मूल म्हणते, "मी आहे." मग वाण त्याला मिळते. मुले किती आहेत तितक्या वेळा हा प्रश्न विचारला जातो.

काही वर्षांपूर्वी पिठोरीला आमचे मुलगा-मुलगी दोघेही ऑनलाइन येणार असे ठरले होते. मुलाची मीटिंग लांबली, मुलीकडे नेट चालेना. आमच्या घरच्या मंडळी खीर-पुरीचे ताट डोक्यावर धरून मोबाइलकडे पाठ करून उभ्या. त्यांनी दोनदा विचारले, "अतीत कोण?" फोन शांत. आम्हाला काय बोलावे सुचेना. तेवढ्यात शेजारची चौथीतली मुलगी आमच्या अंगणात पडलेला चेंडू मागायला दारात आली होती. प्रश्न तिला कळला असेल असे नाही, पण कोणीतरी 'कोण' विचारते आहे एवढे कळले. ती म्हणाली, "आंटी, मैं हूँ." खीर तिने खाल्ली, पुऱ्या भावासाठी घेऊन गेली. अर्ध्या तासाने मुलाचा फोन आला तेव्हा त्याच्यासाठी पुन्हा ताट उचलले गेले. तेव्हापासून पिठोरीला आमच्याकडे सात-आठ मुले येतात. त्यांतली निम्मी हिंदी भाषक आहेत आणि "मी आहे" हे दोन मराठी शब्द त्यांना पक्के येतात. ज्यांना मूल नाही अशा एक वहिनीही आता आमच्याकडे येऊन हा प्रश्न विचारतात आणि त्यांना सर्वांत मोठ्याने उत्तर मिळते.

भाद्रपद ते मार्गशीर्ष

गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचे अन्न त्या दिवशी खायचे नाही, म्हणून परसात हाताने पिकवलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी करतात: अळू, लाल माठ, दोडका, पडवळ, भेंडी, सुरण, मक्याचे कणीस. कच्छी दाबेली आणि पिझ्झा यांत रमणारी मुले ही भाजी खाणार नाहीत असे वाटते. त्यावर उपाय म्हणजे सकाळी त्यांना पिशवी देऊन मंडईत न्यावे आणि प्रत्येकाने एक अनोळखी भाजी ओळखून आणावी. आपण आणलेली भाजी मूल सहसा टाकत नाही. मक्याचे दिवस असतातच, म्हणून त्याच आठवड्यात एक दिवस इंदुरी भुट्ट्याचा कीस करावा. कोवळी कणसे किसून तुपावर परतायची, दूध घालून शिजवायचे, वर खोबरे-कोथिंबीर. सराफ्यात तो मिळतोच, पण घरच्या किसणीवर सगळ्यांनी पाळीपाळीने कणीस किसण्याची मजा वेगळी.

कोजागिरीला मसाला दूध सर्वांना माहीत आहे. पण त्याच पौर्णिमेला घरातल्या ज्येष्ठ अपत्याला औक्षण करण्याची रीत अनेक घरांत आहे, तिला आश्विनी म्हणतात, हे विस्मरणात जात आहे. थोरल्या मुलाच्या वाट्याला बहुतेक वेळा "तू मोठा ना, तू समजून घे" एवढेच येते. वर्षातून एक रात्र त्याची असावी. आमच्या गच्चीवर त्या रात्री जमलेल्या सर्व घरांतली थोरली भावंडे एका ओळीत बसतात. मागच्या खेपेला त्या ओळीत एक नऊ वर्षांची मुलगी आणि एक्क्याऐंशी वर्षांचे आजोबा शेजारी शेजारी होते. आजोबांना औक्षण त्यांच्या धाकट्या बहिणीने केले. प्रमाण सांगायचे तर दहा जणांना दोन लिटर दूध आटवून दीड लिटर करावे. त्यात साखर, वेलची, जायफळ, केशर, बदाम-पिस्त्याचे काप आणि चारोळी.

वसुबारसेला बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. त्या दिवशी गाईच्या वासराचा मान म्हणून दूध-दुभते घेत नाहीत. चहा काळा प्यायचा, आणि ज्याला विसर पडेल त्याने रात्रीची भांडी घासायची, हा आमच्या घरचा नवा नियम. आवळीभोजनाला कार्तिकात कोणाच्या शेतावर किंवा बागेत आवळ्याच्या झाडाखाली डबे घेऊन जावे. डब्यात काहीही चालते, फक्त एक पदार्थ आवळ्याचा हवा.

आणि मग चंपाषष्ठी. इंदूरकरांसाठी हा विशेष जवळचा दिवस, कारण खंडोबा हे होळकरांचे कुलदैवत. राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचे मंदिर आहे. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत खंडोबाचे षड्रात्र असते. मणी आणि मल्ल या दैत्यांवरच्या विजयाचा हा उत्सव. चातुर्मासात सोडलेली वांगी त्या दिवशी पुन्हा ताटात येतात: वांग्याचे भरीत, बाजरीचे रोडगे किंवा भाकरी, कांद्याची पात. आषाढात कांदेनवमीला जो दरवाजा लावला तो येथे उघडतो. मुलांना सर्वांत आवडते ते तळी भरणे. सर्वांनी ताम्हन धरायचे, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत तीनदा उचलायचे आणि भंडारा उधळायचा. भंडारा गच्चीवर उधळावा, दिवाणखान्यात नको. सोफ्याचे कव्हर आजही आमच्याकडे पिवळे आहे. बाजरीचे पीठ मात्र थोडेच दळून आणावे, जुने झाले की कडू होते.

पौष आणि अधिक महिना

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. वांगी, गाजर, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, बोरे, उसाचे करवे, तिळाचे कूट असे हिवाळ्यात जे जे येते ते सगळे एका भाजीत, आणि बरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी व लोणी. कोणत्या घराच्या भाजीत जास्त प्रकार पडले ते मोजावे. आमच्या ओळीतला विक्रम सध्या सतराचा आहे, त्यात एक गराडूचा तुकडा होता, तो धरायचा की नाही यावर अजून निर्णय झालेला नाही. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत लहान मुलांचे बोरन्हाण करावे. बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे, हलवा डोक्यावरून सोडायचा आणि जमलेल्या मुलांनी लुटायचा. यापेक्षा स्वस्त आणि आनंदाची पार्टी आम्ही पाहिलेली नाही.

जावयाचा दिवस दर वर्षी येत नाही. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे, म्हणजे वर्षाला अकरा दिवसांची तफावत पडते. ती साचून सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक महिन्याएवढी झाली की अधिक महिना घालून मेळ बसवतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे आणि ३३ अनारसे देतात. अनारशाचे पीठ आठवडाभर आधी लागते, म्हणून हे एक काम मात्र आयत्या वेळी होत नाही. सोन्या-चांदीच्या वस्तूंची अपेक्षा आणि देखावा दोन्ही बाजूंनी टाळावा. हल्ली आम्ही जावयाबरोबर सुनेलाही वाण देतो. तिचेही माहेर दूरच आहे.

स्वयंपाक कोण करणार?

हा प्रश्न सोडवल्याशिवाय वरचे सगळे व्यर्थ आहे. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाने चंपाषष्ठीला चौदा माणसे जेवायला बोलावली. भरीत उत्तम झाले, गरम भाकऱ्यांची वाहवा झाली, येळकोट दुमदुमला. साडेतीन वाजता स्वयंपाकघरात डोकावलो तेव्हा घरच्या मंडळी एकट्या ओट्यापाशी उभ्या राहून गार भाकरी खात होत्या. भरीत संपले होते. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कोणता डे ते मला आधी विचारा."

हे दिवस कमी का झाले याचे खरे कारण आम्हाला त्या दिवशी कळले. नवी पिढी परंपरा विसरली असे आपण सभांमधून म्हणतो. पण सून सकाळी नऊला ऑफिसला जाते आणि सातला परत येते, तिने भोगीची भाजी कधी निवडायची? एका बाईच्या पाठीवर उभा असलेला सण ती बाई थकली की संपतो. म्हणून आम्ही कामाचे पाच भाग केले: बाजारहाट, निवडणे, शिजवणे, वाढणे आणि आवरणे. एका माणसाकडे एकच भाग. जो शिजवेल तो पहिल्या पंगतीला बसेल, हा नियम मोडायचा नाही. निवृत्तीनंतर आम्ही निवडण्यात बऱ्यापैकी तरबेज झालो आहोत, भाकरी मात्र अजून गोल होत नाही. एखादा पदार्थ विकत आणला तरी कमीपणा मानू नये. अनारसे, पुरणपोळ्या करून देणाऱ्या भगिनी आपल्या समाजात आहेत, त्यांनाही चार पैसे मिळतात.

नवे दिवसही आपलेच

७ जूनला हल्ली विश्व पोहा दिवस साजरा होतो. इंदूरकराने तो सोडणे बरोबर नाही. त्या सकाळी घरात दोन पातेली ठेवावीत: एकात वाफेवरचे इंदुरी पोहे, वर बडीशेपेचा स्वाद, जिरावण, शेव, बाजूला जिलेबी. दुसऱ्यात आपले कांदेपोहे, ओले खोबरे आणि लिंबू. मतदान गुप्त घ्यावे. आमच्याकडे गेली तीन वर्षे इंदुरी पोहे जिंकत आहेत आणि कोकणातल्या व्याही मंडळींना फेरमतमोजणी हवी आहे.

१५ मे हा आंतरराष्ट्रीय कुटुंब दिन. मुले सुट्टीत आलेली असतात, त्या दिवशी घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला तिच्या आईच्या हातचा एक पदार्थ विचारून तो लिहून घ्यावा. १६ ऑक्टोबर हा जागतिक अन्न दिन, १९४५ मध्ये त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना स्थापन झाली. त्या दिवशी घरात नवे काही शिजवू नये. फ्रिज उघडून जे उरले आहे त्याची फोडणीची पोळी, फोडणीचा भात, थालीपीठ करावे. अन्न वाया न घालवण्याचा धडा मुलांना फोडणीच्या पोळीइतका चविष्ट कोणी देऊ शकत नाही.

सुरुवात कशी करावी

सगळे दिवस एकदम हाती घेऊ नयेत. पहिल्या वर्षी तीन पुरेत: एक शेजाऱ्यांबरोबरचा, एक मुलांचा, एक घरातल्या एखाद्या दुर्लक्षित माणसाचा. तिथी कामाच्या दिवशी आली तर जवळचा रविवार घ्यावा. परदेशातल्या मुलांच्या घड्याळाप्रमाणे वेळ ठरवावी. त्यांना सकाळी लवकर उठवून औक्षण केले तर त्यांच्या चेहऱ्यावर भक्तिभाव दिसत नाही.

आणि एक वही ठेवावी. आम्ही साधी दोनशे पानी वही घेतली आहे. तारीख, दिवस, कोण आले, काय केले, किती प्रमाण लागले, काय उरले. पुढच्या वर्षी बाजाराची यादी त्यातूनच निघते. गेल्या वर्षी वहीच्या एका पानावर नातवाने येऊन स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, 'दिव्याचा डे. मी ४ दिवे खाल्ले.' वेलांटी चुकली आहे, ती आम्ही दुरुस्त केलेली नाही.

आपल्या घरी असा एखादा वेगळा दिवस, वेगळा पदार्थ किंवा खेळ असेल तर तो मंडळाकडे जरूर लिहून पाठवावा. विशेषतः ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबा आहेत, त्यांनी हे काम याच महिन्यात करावे. पिठोरीला कोणाची मुले गावी नसतील तर त्यांनी निःसंकोच आमच्याकडे यावे. उत्तर द्यायला मुले आहेत.